बिनखिळ्याचं कपाट

मिस्त्रीच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, ‘बरं’.

आयुष्यभर हा माणूस तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक ‘जरा लवकर करा’ म्हणालं की ‘घाई असेल तर बाजारातून तयार आणा’ असं तोंडावर सुनावणारा. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला, पाठोपाठ तो स्वतः पडला, आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा तिकडेच ठेवून आला. बरोबर आला तो एवढा एक शब्द. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, तळपायाची आग मस्तकात गेली तरी बरं. ‘चाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो आता दिवसाला शंभरदा ऐकतेय,’ असं त्याची बायको शेजारपाजारी हसत हसत सांगायची, आणि मग आत जाऊन उगाच भांडी आपटायची.

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की याला समजतं सगळं, फक्त आतलं बाहेर येत नाही. मानेवरही विसंबू नका, नाही म्हणायला जाईल आणि मान हो म्हणून हलेल. झालं! तेव्हापासून घरातली माणसं त्याला विचारायची जरूर, पण विचारल्यासारखं करून जे करायचं तेच करायची. त्यांचा तरी काय दोष? ज्या माणसाचं हो आणि नाही एकाच चेहऱ्याचं, त्याच्या उत्तराची वाट बघणार तरी किती?

बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट होती आणि खाटेच्या अगदी समोर, भिंतभर, त्याच्याच हातचं सागवानी कपाट. दिवसभर तो कपाटाकडे बघायचा. दुसरं बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आता जावयाबद्दल. जावई चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल तुमचं मत काहीही होऊ शकतं. विम्याच्या कचेरीत कागद हलवायचे, आणि घरी आलं की फोनवर ‘जुन्याचं नवं’ करायचे व्हिडिओ बघायचे, हा त्याचा दिनक्रम. जुन्या पलंगाचा बाक, तुटक्या शिडीची पुस्तकांची मांडणी, असले उद्योग त्याने घरी केले होते. त्या बाकावर बसण्याआधी पाहुणे एकदा हाताने दाबून बघत, पण त्याचा उत्साह काही त्यामुळे कमी झाला नव्हता.

त्या रविवारी लेक आणि जावई आले ते याच विषयावर. मिस्त्रीसाठी तीन वस्तू हव्या होत्या. बैठकीला भोक असलेली, हात असलेली भक्कम खुर्ची; कारण त्याला संडासापर्यंत नेता नेता बायकोची कंबर मोडायला आली होती. खाटेला कठडा. आणि जेवणासाठी खाटेवर आडवं येणारं टेबल. लेक दुकानात जाऊन हात हलवत परत आली होती. तिथलं काहीच परवडण्यातलं नव्हतं.

जावयाची नजर खोलीभर फिरली आणि कपाटावर येऊन थांबली.

‘आई, एवढं सागवान घरात उभं आहे आणि आपण दुकानं काय हिंडतोय! या एकट्या कपाटात तिन्ही वस्तू निघतील.’

‘अहो, पण त्यांच्या हातचं आहे ते,’ बायको म्हणाली.

‘म्हणून तर! त्यांच्याच हातचं त्यांच्याच उपयोगी पडेल. कपडे राहतील की खोक्यांत.’

तिघांनी खाटेकडे पाहिलं. ‘बाबा, चालेल ना तुम्हाला?’ लेकीने विचारलं.

‘बरं,’ मिस्त्री म्हणाला.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कपाट मोडायला मिस्त्रीची खरंच ना नव्हती. जन्मभर त्याने हेच केलं होतं. पडक्या घरांची दारं आणून टेबलं केली होती, मोडक्या पाळण्याचं देवघर केलं होतं. जुनं लाकूड नव्यापेक्षा शहाणं असतं, त्याला जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं, असं तो म्हणायचा. उलट त्याला आतून हायसं वाटलं. चला, जावयाला अक्कल आहे.

मग जावई उठला, खिशातून बॉलपेन काढलं आणि कपाटाच्या बाजूवर कमरेएवढ्या उंचीवर एक आडवी रेघ मारली. ‘पुढच्या रविवारी मित्राकडून मशीनची करवत आणतो. इथून आडवं कापू. इथून उभं. तळाची फळी मधोमध. अर्ध्या दिवसाचं काम.’

कापू?

मिस्त्रीचा डावा हात गादीवर आपटला. ‘बरं!’ तो म्हणाला. ‘बरं! बरं!’

‘बघा, बाबा किती खूश झाले,’ जावई म्हणाला.

त्या कपाटाची गोष्ट अशी होती. लग्नानंतर मिस्त्रीला ही दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. जिना अरुंद, आणि मधे असं वळण की कपाट सोडाच, एखादा लठ्ठ पाहुणासुद्धा तिरका होऊन वर यायचा. म्हणून त्याने कपाट फळ्याफळ्यांनी वर आणलं आणि खोलीत जुळवलं. खिळा नाही, स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही. एका फळीची जीभ दुसरीच्या खोबणीत, दुसरीची तिसरीत, आणि सगळ्यांना मागून आवळून धरणारी एक आडवी पट्टी. ती पट्टी हलू नये म्हणून तिच्या टोकाशी एक पाचर, बोटभर लांब, काळ्या कठीण लाकडाची. खालच्या खणाच्या मागे, वरच्या अंगाला. तीसुद्धा अशी घासून बसवलेली की डोळ्यांना दिसू नये, बोटांनाही माहीत असल्याशिवाय कळू नये. उजवीकडून एक ठोका घातला की पाचर निघणार, पट्टी सरकणार, आणि कपाट आपलं आपण हात सोडणार. अकरा फळ्या जशाच्या तशा.

सुतारकामाच्या कारखान्यातले सोबती मुद्दाम ते कपाट बघायला आले होते. वरखाली, आतबाहेर हात फिरवून थकले. मिस्त्रीने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं, सांगितलं काही नाही. बायको तेव्हा नवी होती. तिने साधाच प्रश्न विचारला होता, ‘कधी घर बदललं तर हे धूड बाहेर कसं न्यायचं?’

‘मी आहे ना,’ तो म्हणाला होता.

तिलाही दाखवलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. घर काही बदललं नाही, आणि ती गोष्ट चाळीस वर्षं तशीच राहून गेली. कारागिराच्या तोऱ्यात केलेला हा एवढासा आखडूपणा आज त्याच्या छातीवर येऊन बसला होता.

सोमवारपासून मिस्त्रीने कंबर कसली. सहा दिवस होते आणि सांगायचं होतं ते काय, तर एक ठोका. मनातल्या मनात त्याने अकरा फळ्या जमिनीवर मांडूनही टाकल्या. दोन खणांच्या फळ्यांची खुर्ची, बैठकीला जाड तळ. लांब बाजूच्या फळ्यांचा कठडा, सांधा न घालता, एकसंध. एका दाराचं टेबल. एक फळी उरतही होती, तिचं काय करावं यावर त्याने अख्खी दुपार विचार केला. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी त्याला आपण आजारी आहोत याचा विसर पडला होता.

संध्याकाळी त्याने डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं.

‘पाणी हवंय?’ बायकोने विचारलं. ‘पंखा? बरं वाटत नाहीये?’ मग तिच्या ध्यानात आलं की बोट कपाटाकडे आहे. तिने दार उघडलं, एकेक सदरा वर धरला. निळा वर धरला तेव्हा नेमकी त्याची मान हलली. निळा सदरा अंगात चढवण्यात तिचा अर्धा तास गेला, आणि मंगळवारी सकाळपर्यंत मिस्त्री कडक इस्त्रीच्या सदऱ्यात कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा खाटेवर पडून राहिला.

मंगळवारी तिने कागदपत्रं काढली. भाडेपावत्या, लेकीची शाळेची प्रगतिपुस्तकं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. बुधवारी लेकीने सुचवल्यावरून तिने एक पाटी आणि खडू आणला. मिस्त्रीने जीव एकवटून चौकट काढायला घेतली. ज्या हाताने आयुष्यभर नुसत्या नजरेने सरळ रेघा मारल्या तो हात मेलेला होता, आणि या हाताने जे काढलं ते बघून बायको म्हणाली, ‘बटाटा?’ त्याने पाटी ढकलून दिली. ती खाली पडून तडकली. बायकोने तुकडे गोळा केले. मिस्त्रीला तिची क्षमा मागायची होती. ‘बरं,’ तो म्हणाला.

गुरुवारी मात्र नशीब उघडतंय असं वाटलं. त्याने बोट खाली, अगदी खाली रोखून धरलं आणि हात भरून आला तरी सोडलं नाही. बायको कपाटासमोर मांडी घालून बसली. ‘हा खण? खालचा?’

मिस्त्रीने डोळे मिटले. सापडलं एकदाचं.

खण अडकत होता म्हणून तिने तो पूर्ण ओढून बाहेर काढला आणि आतल्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. मिस्त्री खाटेवरून तिच्या दंडाची हालचाल बघत होता. अजून आत. आता वर. वर, अगं वर! तिची बोटं पाचरीच्या इतक्या जवळ होती की त्याचा श्वास अडकला.

‘अगंबाई,’ ती म्हणाली.

तिने हात बाहेर काढला तेव्हा त्यात एक कागद होता. कधीतरी खणातून मागे पडलेला, पिवळा पडलेला. लेकीने पाच वर्षांची असताना काढलेलं चित्र. एक दार, दारापेक्षा उंच एक माणूस, माणसाला हातोडीसारखं नाक, आणि खाली वाकड्या अक्षरात ‘माझे बाबा’.

बायकोने ते उजेडात धरलं आणि तिचा बांध फुटला. ‘हे शोधत होतात होय? अहो, चार दिवस हे सांगत होतात? आणि मी मेली सदरे काय घालतेय!’ तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. मिस्त्रीलाही रडू फुटलं, पण ते रागाचं होतं, आणि रागाचं रडू आणि मायेचं रडू एकाच डोळ्यातून येतं. तिने डोळे पुसले, खण परत जागेवर ढकलला, आणि ते चित्र चिकटपट्टीने कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर, खाटेवरून दिसेल असं लावून टाकलं. आता त्याला दिवसभर कपाटाबरोबर स्वतःचं हातोडीचं नाकही बघावं लागणार होतं.

मग शुक्रवार. भर दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली. जिना उतरतानाचा तिचा आवाज पार विरेपर्यंत मिस्त्री थांबला. मग त्याने डाव्या हाताने खाटेची कड धरली आणि स्वतःला खाली सोडलं.

पडला तो खांद्यावर. लागलं. पण खाली आला हेच खूप होतं. डावं कोपर पुढे, मग डावी टाच, मग उजवं अंग ओढून घ्यायचं, असं करत करत पाच पावलांची खोली पार करायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. खण ओढता ओढता बोटांची सालं निघाली. आणि मग हात आत गेला, वर गेला, आणि बोटांना ती लागली. पाचर. होती, जागच्या जागी होती. त्या काळोखात तिला हात लावून मिस्त्री क्षणभर नुसता पडून राहिला. जगात इतकी वर्षं ही एक गोष्ट त्याला एकट्याला माहीत होती आणि ती अजून तशीच होती.

त्याने मूठ वळून ठोका दिला. ठोका हवा होता उजवीकडून आणि हात होता डावा. उलटी मूठ लाकडावर बसायची आणि पाचर ढिम्म हलायची नाही. चाळीस वर्षांत ती फुगून घट्ट झाली होती. त्याने चप्पल घेऊन मारून पाहिलं. मग नुसता तळहात. एका हातोडीचं काम होतं, एका हातोडीचं आणि एका उजव्या हाताचं.

बायको दारात आली ती किंचाळलीच. खालच्या मजल्यावरचा शिंपी धावत वर आला, दोघांनी मिळून मिस्त्रीला उचलून खाटेवर घातलं. शिंपी धापा टाकत म्हणाला, ‘वहिनी, मिस्त्री खणात हात घालून काहीतरी करत होता. रक्त बघा बोटांना.’

‘चित्र हो,’ बायको डोळे पुसत म्हणाली. ‘लेकीचं चित्र होतं तिथे. मी काढून भिंतीला लावलंय, पण यांच्या लक्षात राहत नाही.’

‘अरेरे,’ शिंपी म्हणाला, आणि गेला.

तिने तडक लेकीला फोन लावला. हे खाटेवरून पडले. कठडा आता लागेलच, रविवारपर्यंत थांबायला नको. दवाखान्यातून आल्यापासून मिस्त्रीने स्वतःच्या बळावर एवढी एकच गोष्ट केली होती, आणि तिच्यामुळे काम एका दिवसाने अलीकडे आलं.

शनिवारी सकाळी जावई रजा टाकून मशीन घेऊन हजर. लेकही आली. कपाट रिकामं केलं, दारं उतरवून ठेवली, खाट कोपऱ्यात सरकवली. भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून लेकीने आपली ओढणी ओली करून बापाच्या नाकातोंडावरून बांधली. आता तर ‘बरं’ सुद्धा बाहेर येण्यासारखं नव्हतं.

‘बाबा, सुरू करण्याआधी तुमचा हात लागू दे,’ जावई म्हणाला. खरोखर मनापासून म्हणाला. त्याने मशीन खाटेजवळ आणून मिस्त्रीचा डावा हात करवतीच्या मुठीवर ठेवला.

मिस्त्रीने मूठ आवळली. जेवढं बळ त्या हातात होतं तेवढं सगळं लावून त्याने ते मशीन धरलं आणि सोडेचना.

‘बघ रे,’ लेक म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. ‘हत्यार ओळखलं हाताने.’

जावयाचेही डोळे पाणावले. थोडा वेळ त्याने तसंच राहू दिलं. मग हलक्या हाताने एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून.

सागवानाचा वास खोलीभर पसरला. मिस्त्रीला तो वास आईच्या हातासारखा ओळखीचा होता. पहिला काप डाव्या बाजूच्या फळीवर गेला, कमरेएवढ्या उंचीवर, बॉलपेनच्या रेघेवरून, आणि रेघ मुळातच वाकडी होती. कठड्याची एकसंध फळी गेली. दुसरा काप उजव्या बाजूवर. दुसरीही गेली. मिस्त्री मनातल्या मनात मांडलेल्या फळ्यांतून एकेक उचलून बाजूला ठेवत होता. आता कठडा होणार नाही. आता टेबलाला पाय पुरणार नाहीत. अरे, निदान लाकडाच्या रेषांच्या बाजूने तरी काप! ओढणीच्या आत त्याचे ओठ हलत होते. लेक त्याच्या छातीवर हात फिरवत म्हणत होती, ‘झालं हं बाबा, झालंच आता.’

शेवटचा काप तळातून, मागच्या बाजूला. पातं एकदम कर्कश ओरडलं. धुराचा वास आला. जावयाने दाब वाढवला, काहीतरी काड्कन तुटलं, आणि त्याने मशीन बंद केलं.

मग आपोआप, कुणाचा हात न लागता, कपाटाचं जे काही उरलं होतं ते सुटायला लागलं. आधी मागची पट्टी सरकली. मग मधली फळी खोबणीतून निघून शेजारच्या फळीवर टेकली, ती पुढच्यावर. घाई नाही, आदळआपट नाही. जावयाने दोन्ही हात पसरून त्या धरल्या आणि एकेक भिंतीला लावून ठेवल्या. फळ्यांच्या जिभा जशा पहिल्या दिवशी होत्या तशा स्वच्छ होत्या.

‘आई,’ तो म्हणाला, ‘यात खिळाच नाहीये.’

जावई गुडघ्यांवर बसून भुशात चाचपडत राहिला आणि त्याला काळ्या लाकडाचे दोन तुकडे सापडले. त्याने ते एकमेकांना जुळवून पाहिले, पट्टीच्या खाचेत लावून पाहिले. तो बुद्दू नव्हता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

‘हे उघडणारं होतं. कापायची गरजच नव्हती. इथून नुसता एक ठोका घातला असता तर...’

‘कुठून?’ बायकोने विचारलं.

‘इथून. खालच्या खणाच्या मागून.’

बायको भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. मग खाटेशी आली, मिस्त्रीच्या तोंडावरची ओढणी सोडली, आणि त्याच्या सोललेल्या बोटांवर हात ठेवून विचारलं, ‘हे सांगत होतात?’

‘बरं,’ मिस्त्री म्हणाला.

सगळ्या आठवड्यात जिच्यासाठी धडपड केली ती विचारणा अखेर झाली होती, आणि त्याने अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. पण ते बाकीच्या सगळ्यांसारखंच वाजलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हे हो म्हणालं की नुसतंच म्हणालं, हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

‘बाबा, माझं चुकलं,’ जावई मान खाली घालून म्हणाला.

‘बरं.’

दुपारपर्यंत जावयाने मुकाट्याने खुर्ची केली. राहिलेल्या शाबूत फळ्या पुन्हा कापवेनात त्याला, म्हणून कापलेल्याच तुकड्यांची केली, स्क्रू मारून. टेबल ‘पुढच्या वेळी’ वर गेलं. कठडा झालाच नाही. खाटेच्या कडेला एक लोड दोरीने बांधून ठेवला. निघताना लेक दारात घुटमळली, परत आली, बापाच्या कपाळाला कपाळ लावून गेली. जिन्यात दोघं काही बोलत नव्हती, एवढं वरपर्यंत ऐकू आलं.

घरात दोघंच उरली. बायकोने त्याला खुर्चीत बसवलं. खुर्ची एका बाजूला किंचित कलली. मागचा डावा पाय, सूतभर आखूड. तिने खाली वाकून पाहिलं, मग पदराच्या गाठीतून पाचरीचा अर्धा तुकडा काढला आणि पायाखाली सरकवला. खुर्ची स्थिर झाली. दुसरा अर्धा तुकडा तिने त्याच्या डाव्या मुठीत दिला.

समोरची भिंत आता उघडी होती. जिथे कपाट होतं तिथला रंग अजून नव्यासारखा होता.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मग एकदम म्हणाली, ‘दवाखान्यात दुसऱ्या दिवशी माझा हात सोडत नव्हतात. मी म्हटलं, भ्यायलेत. काय होतं ते?’

मिस्त्रीला आठवत होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती. घरी जा आणि काहीतरी खा, एवढंच होतं.

‘बरं,’ तो म्हणाला.

‘आणि गेल्या महिन्यात दुधाचा पेला ढकललात, मी रागावले. ते?’

‘बरं.’

‘आणि रोज सकाळी मी केस विंचरायला बसले की काहीतरी म्हणता. ते काय म्हणता?’

खूप काही होतं. कपाटाचं जाऊ दे, लाकूडच ते. पोराला म्हणावं, खुर्ची पहिल्या कामाच्या मानाने वाईट नाही. तुला तेव्हाच दाखवायला हवं होतं गं, तू विचारलं होतंस. ते सगळं घशापर्यंत आलं, आणि तिथून पुढे एकच दार होतं.

‘बरं.’

ती हलली नाही. तिने फक्त हनुवटी गुडघ्यावर टेकवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘हं,’ ती म्हणाली. ‘पुढे?’